दुधातला थेंब आणि त्याचे पटल

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी मधुमेह, हृदयविकार, ताणतणाव अशा विषयांवर जाणकारांचे लेख येतात. बालरोगतज्ज्ञाकडून लसीकरण किंवा मुलांचे हट्ट यांवर चार पाने अपेक्षित असतात आणि ती मी यापूर्वी दोनदा लिहूनही दिली आहेत. या वेळी संपादक मंडळाची क्षमा मागून मी अशा विषयाकडे वळतो, जो वरकरणी रसायन-अभियंत्यांच्या अंगणातला आहे. पाण्यात तेलाचे सूक्ष्म थेंब कसे करावेत आणि ते सच्छिद्र पटलातून का करावेत, हा तो विषय. वाचकांनी पान उलटण्यापूर्वी माझे म्हणणे एका वाक्यात सांगून टाकतो. आपण डॉक्टर मंडळी स्निग्ध पदार्थांचे प्रमाण मोजतो, पण त्यांची घडण पाहत नाही. आणि या दुर्लक्षाची किंमत आपल्याकडची सर्वांत लहान, सर्वांत हलकी बाळे मोजतात.

तेल आणि पाणी एकमेकांत विरघळत नाहीत, तरी तेलाचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यात तरंगत ठेवता येतात. अशा मिश्रणाला मराठी विश्वकोशाने 'पायस' हा शब्द योजला आहे. तो मला फार आवडतो, कारण तो 'पयस्' म्हणजे दूध या शब्दावरून आला आहे. गंमत अशी की, इंग्रजीतला 'इमल्शन' हा शब्दही 'दूध काढणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आला आहे. दोन्ही भाषांना पायसाचे नाव ठेवताना दूधच आठवले. दूध हे पाण्यातल्या तेलाचे आद्य पायस आहे आणि बालरोगतज्ज्ञाचे आयुष्य त्याच्याभोवती जाते. तेव्हा हा विषय आमच्या अंगणात अगदीच परका नाही.

पायस करण्याच्या दोन रीती आहेत. पहिली रीत बळाची. तेल आणि पाणी एकत्र ढवळायचे, मग प्रचंड दाबाने चिंचोळ्या फटीतून रेटायचे, म्हणजे मोठे थेंब फुटून बारीक होतात. ऑगस्त गोलँ या फ्रेंच गृहस्थाने 1899 साली अशा यंत्राचे पेटंट घेतले आणि 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात ते मांडले. आज दूधप्रक्रियेच्या बहुतेक सर्व कारखान्यांत त्याच यंत्राचे वंशज चालतात. पिशवीतल्या होमोजिनाइज्ड दुधावर जाड साय धरत नाही, अशी तक्रार आपल्या घरातल्या वडीलधाऱ्या बायका करतात, तिचे मूळ या फटीत आहे.

दुसरी रीत समजावून सांगताना मला दांडिया बाजारातली लहानपणीची लग्ने आठवतात. मांडवामागे आचारी बुंदी पाडत असे. कढईवर झारा धरून त्यात बेसनाचे पीठ ओतायचे आणि झाऱ्याचा दांडा कढईच्या काठावर हलकेच ठोकायचा. प्रत्येक भोकातून एकेक थेंब लोंबे, सुटे आणि तुपात पडून गोल होई. दाणा केवढा यायचा, हे भोकावर, पिठाच्या दाटपणावर आणि ठोकण्याच्या लयीवर ठरे. आणखी एक गोष्ट होती, जिचा अर्थ मला पुष्कळ वर्षांनी कळला. प्रत्येक घाण्यानंतर आचारी झाऱ्याची खालची बाजू फडक्याने स्वच्छ पुसत असे. न पुसल्यास पीठ पत्र्याला चिकटून पसरे, शेजारशेजारचे थेंब एकमेकांत मिसळत आणि बुंदीला शेपट्या फुटत.

पटलाने पायस करणे म्हणजे हीच बुंदी, फक्त उलटी: तेथे तुपात पिठाचे थेंब, येथे पाण्यात तेलाचे. झाऱ्याच्या जागी अतिसूक्ष्म छिद्रांचे पटल घ्यायचे. पटलाच्या एका बाजूला तेल, दुसऱ्या बाजूने वाहते पाणी. तेलावर हलका दाब दिला की ते छिद्राछिद्रातून डोकावते, थेंब फुगतो आणि वाहत्या पाण्याच्या ओढीने सुटतो. आचाऱ्याच्या ठोक्याचे काम येथे पाण्याचा प्रवाह करतो. फडक्याचे काम पटलाच्या स्वभावावर सोपवलेले असते. पटल पाण्याशी सलगी करणारे हवे, तेलाशी नव्हे. तेलाने पटल भिजले तर ते पृष्ठभागावर पसरते आणि थेंब मोठे व वेडेवाकडे येतात. पाण्यात पायसकारक द्रव्यही विरघळवलेले असते. नव्या थेंबाच्या पृष्ठभागावर त्याने त्वरेने पोहोचावे लागते, नाहीतर शेजारचे दोन थेंब एक होतात. आमच्या शाखेतल्या वाचकांना येथे अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे फुप्फुस आणि सर्फॅक्टंट आठवेल. पृष्ठताण आणि लाप्लासचे समीकरण दोन्हीकडे तेच आहे.

या रीतीचा पाया जपानमधल्या मियाझाकी येथे घातला गेला. दक्षिण क्यूशूमध्ये ज्वालामुखीच्या राखेचे जाड थर आहेत. तेथील लोक त्या मातीला 'शिरासू' म्हणतात. शेतीला फारशी न मानवणारी, पावसात घसरणारी ही माती. नाकाशिमा आणि शिमिझू या संशोधकांनी तिच्यात चुना आणि बोरिक आम्ल मिसळून काच केली. ती ठरावीक तापमानाला ठेवली की काचेच्या आत दोन घटक वेगळे होतात. त्यांतला एक आम्लाने धुऊन काढला की मागे एकसारख्या छिद्रांची काच उरते. 1980 च्या दशकात त्यांनी या काचेतून तेल पाण्यात सोडून पायस करून दाखवले. छिद्रे जवळपास एका मापाची, म्हणून थेंबही जवळपास एका मापाचे. या काचेबाबत ढोबळ नियम असा की, थेंबाचा व्यास छिद्राच्या सुमारे तिप्पट येतो. म्हणजे 4 मायक्रॉनचा थेंब हवा असेल, तर सुमारे 1.3 मायक्रॉनचे छिद्र घ्यावे.

दाब किती लागावा? मी कागदावर हिशेब मांडून पाहिला. पायसकारक असताना तेल-पाण्यातला पृष्ठताण मीटरला 5 मिलिन्यूटन धरला, तर 1.3 मायक्रॉनच्या छिद्रातून थेंब डोकावण्यासाठी किमान 15 किलोपास्कल दाब लागतो. आपल्या भाषेत सांगायचे, तर पाऱ्याचे सुमारे 115 मिलिमीटर. निरोगी माणसाच्या धमनीत हृदयाच्या ठोक्याला असतो, साधारण तेवढाच! प्रत्यक्षात थोडा अधिक दाब द्यावा लागतो, पण फरक थोडाच. याउलट कारखान्यातल्या फटीच्या यंत्रात 200 बार हा सामान्य दाब असतो, म्हणजे पाऱ्याचे दीड लाख मिलिमीटर. दोन रीतींमधले अंतर यापेक्षा स्पष्ट करून सांगता येणार नाही.

मग सगळे जग पटलाकडे का वळले नाही? कारण ही रीत मंद आहे. थेंब एकेक करून यायचे, मोठे उत्पादन हवे तर पटलाचे क्षेत्रफळ फार लागते, आणि प्रथिने व मेद छिद्रांत अडकून पटल चोंदते. ते धुण्यात वेळ आणि पैसा जातो. 1996 साली जपानमध्येच एक मधला मार्ग निघाला. आधी जाडसर पायस करून घ्यायचे आणि तेच पटलातून रेटायचे, म्हणजे वेग वाढतो. पण थेंबांचा एकसारखेपणा थोडा घटतो. पुढे पोलादी पत्र्याला लेसरने भोके पाडून केलेली, धुवायला सोपी पटलेही आली. तरीही ही रीत आजपर्यंत प्रामुख्याने तेथेच रुजली, जेथे माल थोडा आणि मोलाचा असतो. मियाझाकीच्याच वैद्यकांनी यकृताच्या कर्करोगासाठी आयोडीनयुक्त तेलाच्या थेंबांत एपिरुबिसिनच्या द्रावणाचे बारीक कण कोंडून ते यकृताच्या धमनीतून दिले. ते थेंब या काचेच्या पटलाने केलेले होते. त्यांचा अहवाल 1995 साली प्रसिद्ध झाला. थेंब फार मोठे झाले तर भलत्या ठिकाणी अडकावेत आणि फार लहान झाले तर गाठीत थांबूच नयेत, अशा कामात मापाला खरी किंमत येते.

आता आईकडे वळू. स्तनातल्या दूधपेशीत मेदाचे थेंब आतल्या जालिकेत तयार होतात, एकेरी फॉस्फोलिपिडचा पापुद्रा घेऊन पेशीच्या वरच्या कडेकडे सरकतात आणि तेथे पेशीचेच बाह्य पटल पांघरून बाहेर पडतात. म्हणजे प्रत्येक थेंबाभोवती तीन पदर असतात: आतला स्वतःचा एक आणि बाहेरचे दोन पेशीपटलाचे. त्या पटलात स्फिंगोमायेलिन, कोलेस्टेरॉल, ग्लायकोप्रथिने असे सगळे सामान असते. मियाझाकीची काच आणि आईची पेशी, दोन्ही ठिकाणी पटलातून थेंब एकेक करून बाहेर येतो, सावकाश येतो आणि रेटारेटीशिवाय येतो. म्हणून ही तुलना मोहात पाडते. पण एक फरक विसरता कामा नये. काचेचे पटल मागे राहते. आईचे पटल थेंबाबरोबर जाते. काचेतून आलेल्या थेंबावर आपण पाण्यात जे कालवले असेल तेच चढते. आईच्या थेंबावर जिवंत पेशीचा तुकडा असतो.

तो तुकडा किती मोठा? आईच्या दुधातला मेदाचा थेंब सरासरी 4 मायक्रॉनचा असतो. मेद 4 टक्के धरला, तर दर मिलिलिटरमध्ये एक अब्जाहून अधिक थेंब होतात आणि त्यांचा एकूण पृष्ठभाग सुमारे 600 चौरस सेंटिमीटर भरतो. दिवसाला 200 मिलिलिटर दूध पिणाऱ्या सव्वा किलोच्या बाळाच्या पोटात दररोज सुमारे 12 चौरस मीटर पटल जाते. दहा बाय तेराच्या खोलीची फरशी आठवा. डब्याच्या दुधात रीत बळाची असते. तेथे थेंब साधारण अर्ध्या मायक्रॉनचे असतात आणि त्यांच्यावर केसिन व मठ्ठ्यातली प्रथिने बसलेली असतात. थेंबाचा व्यास आठपट लहान केला की तेवढ्याच मेदाचा पृष्ठभाग आठपट होतो आणि थेंबांची संख्या पाचशेपटीहून जास्त. डब्यावरच्या तक्त्यात हे कोठेच दिसत नाही. तेथे मेद इतके ग्रॅम, डीएचए इतके मिलिग्रॅम, ऊर्जा इतकी, एवढेच असते. आणि आपणही तेवढेच वाचतो.

आपण बडोदेकर या बाबतीत अज्ञानाची सबब सांगू शकत नाही. येथून तासाभराच्या अंतरावर आणंदला 1955 साली म्हशीच्या दुधाची भुकटी करण्याचा कारखाना सुरू झाला. म्हशीच्या दुधाची भुकटी होणार नाही, असे परदेशी जाणकार सांगत असताना ती झाली. पुढे म्हैसूरच्या अन्न-तंत्र संशोधन संस्थेच्या प्रयत्नांतून त्याच दुधापासून बाळांचे अन्नही निघाले. म्हशीच्या दुधात मेद जास्त आणि थेंबही गाईच्या दुधापेक्षा मोठे. दुधाची घडण हा आपल्या परिसरातल्या तंत्रज्ञांचा रोजचा विषय आहे. डॉक्टरांनी मात्र तो कधी आपला मानला नाही.

आज काही कंपन्या मोठ्या थेंबांचे, फॉस्फोलिपिडचे आवरण दिलेले डब्याचे दूध आणतात. काही गाईच्या दुधातले थेंबाचे पटल वेगळे काढून त्यात मिसळतात. या प्रयत्नांना मी हसणार नाही. स्वीडनमधल्या एका चाचणीत, जिचा अहवाल 2014 साली आला, असे पटल घातलेले दूध घेणाऱ्या बाळांचे बाराव्या महिन्यातले बौद्धिक गुण नेहमीचे डब्याचे दूध घेणाऱ्यांपेक्षा सरासरी 4 ने अधिक आणि आईच्या दुधावरच्या बाळांच्या बरोबरीचे आले. पहिला अहवाल वाचून मीही हरखलो होतो. पण त्याच मुलांना साडेसहा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासले, तेव्हा दोन गटांत फरक उरला नव्हता. शिवाय त्या दुधात ऊर्जा आणि प्रथिनेही कमी ठेवलेली होती, तेव्हा सगळे श्रेय पटलाच्या पदरात घालता येत नाही. जाहिरातीचा मजकूर लिहिणारा पहिलाच अहवाल उचलतो, दुसरा नाही. उद्या एखादा प्रतिनिधी तुमच्या दवाखान्यात येऊन 'आमचा थेंब अगदी आईसारखा' म्हणाला, तर त्याला विचारा: थेंबाचा व्यास केवढा, त्यावरचे आवरण कशाचे, आणि ते आवरण भुकटी होताना, तसेच उकळलेल्या पाण्यात कालवल्यावर टिकते का? उत्तर मिळाले तर मलाही कळवा. 1992 चा शिशुदुग्ध पर्याय कायदा आणि त्याची 2003 ची दुरुस्ती यांनी अशा कंपन्यांकडून परिषदांना, चर्चासत्रांना किंवा आपल्यासारख्या मंडळांना मदत घेण्यावर बंदी घातली आहे, हेही नव्या सभासदांनी ध्यानात ठेवावे. या स्मरणिकेत जाहिराती पुष्कळ आहेत. डब्याच्या दुधाची एकही नाही, याचा मला अभिमान आहे.

परंतु डब्यावर टीका करणे सोपे. माझी स्वतःची चूक सांगणे अवघड, आणि ती सांगण्यासाठीच मी हा विषय घेतला.

2003 सालची गोष्ट. एका रुग्णालयाच्या नवजात विभागात मी काम पाहत होतो. तीस आठवड्यांची, अकराशे ग्रॅमची एक मुलगी होती. श्वासाचा त्रास ओसरला होता, आईला दूध भरपूर होते आणि ती दर तीन तासांनी ते काढून देत होती. एकदम दूध दिले की बाळ उलटी करी, म्हणून मी ते सिरिंज पंपातून दोन तासांत हळूहळू देण्याचे ठरवले. दूध किलोला 180 मिलिलिटरपर्यंत नेले. हिशेबाने ऊर्जा पुरेशी होती, पण वजन दिवसाला पाच-सहा ग्रॅमच्या पुढे सरकेना. अपेक्षा सोळा-सतरा ग्रॅमची. मी जंतुसंसर्ग शोधला, थायरॉइड तपासले, सोडियम पाहिले, हृदयातली नलिका उघडी राहिली आहे का तेही पाहिले. नऊ दिवस गेले. आजी दाराशी येऊन रोज एकच विचारी, "साहेब, वजन केम नथी वधतुं?" आणि मी तिला रोज नवे कारण सांगे.

दहाव्या दिवशी रात्रपाळीच्या सिस्टरांनी मला सहज म्हटले, "सर, मलाई तो सिरिंज में ही रह जाती है. हम फेंक देते हैं." मी जाऊन पाहिले. पंपात सिरिंज आडवी ठेवलेली होती. दोन तासांत मेद वर चढून सिरिंजच्या वरच्या बाजूला पांढरी पट्टी धरी, तोटी मधोमध असल्याने ती पट्टी शेवटपर्यंत आतच राही. लांबच लांब नळीच्या आतल्या बाजूलाही तुपकट थर होता. दुधातली जवळपास अर्धी ऊर्जा मेदात असते. मी कागदावर पूर्ण दूध मोजत होतो आणि बाळाला त्यातले साय काढलेले दूध मिळत होते. साय कचऱ्याच्या बादलीत जात होती.

सिरिंज उभी केली, तोटी वर ठेवली, नळी आखूड केली, दर अर्ध्या तासाला सिरिंज हलकेच फिरवायला सांगितली आणि दोन दिवसांनी दूध पुन्हा थोडे थोडे, पण एकदम, गुरुत्वाने द्यायला लागलो. पुढच्या दहा दिवसांत वजन दररोज सरासरी अठरा ग्रॅमने वाढले. औषध एकही बदलले नव्हते. ज्या नऊ दिवसांत त्या मुलीच्या मेंदूला मेद हवा होता, ते मात्र मला परत देता आले नाहीत. नळीने सावकाश दिलेल्या दुधातला मेद वाया जातो, ही गोष्ट नियतकालिकांत 1980 च्या दशकापासून छापून येत होती. मी ती वाचली नव्हती, किंवा वाचूनही ती माझ्या पंपाबद्दल आहे असे मला वाटले नव्हते. दूध हे द्रव आहे, असे समजून मी त्याच्याशी वागलो. ते पायस आहे आणि पायस उभे राहिले की थेंब वर चढतात, हे ताक घुसळणाऱ्या कोणत्याही बाईला माहीत असते.

शिरेतून द्यायच्या स्निग्ध पायसाबाबतही आपण असेच गाफील असतो. स्वीडनच्या आर्विड व्रेटलिंड यांनी 1960 च्या दशकाच्या आरंभी सोयाबीनचे तेल आणि अंड्याच्या बलकातली फॉस्फोलिपिडे यांपासून सुरक्षित पायस केले आणि त्यातून शिरेवाटे पूर्ण पोषणाचा मार्ग खुला झाला. त्यात थेंबाचे माप हा जीवनमरणाचा प्रश्न आहे. अमेरिकी औषधकोशाची अट अशी की, थेंबांचा सरासरी व्यास अर्ध्या मायक्रॉनच्या आत असावा आणि 5 मायक्रॉनहून मोठ्या थेंबांत एकूण मेदाच्या 0.05 टक्क्यांहून कमी मेद असावा. कारण उघड आहे. केशवाहिन्यांचा व्यासच त्याच्या आसपास असतो. या थेंबांवर ऋण विद्युत्भार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर ठेवतात. कॅल्शियमसारखे आयन तो भार निष्प्रभ करतात आणि थेंब एकमेकांत मिसळू लागतात. तेव्हा त्या बाटलीत, त्यासाठीच बनवलेली जीवनसत्त्वे वगळता, काहीही सुईने टोचून घालू नये. वर पिवळी तेलकट रेघ दिसली, तर बाटली महाग आहे म्हणून हलवून वापरू नये, टाकून द्यावी. आणि शक्य तेथे नळीत 1.2 मायक्रॉनचे गाळणे लावावे. येथे पुन्हा पटलच कामाला येते. छिद्र जवळजवळ मियाझाकीच्या काचेएवढेच, पण काम उलटे: तेथे थेंब घडवायचा, येथे वाढलेला थेंब अडवायचा.

दुग्धपेढ्यांबद्दल दोन शब्द. आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली मुंबईच्या सायन रुग्णालयात सुरू केली. असंख्य बाळांना तिचा आधार झाला आणि पेढ्या वाढल्या पाहिजेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण गोठवताना थेंबाचे पटल फाटते आणि 62.5 अंशांवर अर्धा तास तापवताना मेद पचवणारे दुधातले विकर नष्ट होते. म्हणून असे दूध वितळवल्यावर मेद अधिकच लवकर वर जमतो आणि भांड्याला, नळीला चिकटतो. पेढीचे दूध घेणाऱ्या बाळाबाबत नळीची काळजी दुप्पट घ्यावी लागते. आईचे ताजे दूध मिळत असताना सोयीसाठी ते गोठवून ठेवणे मला पटत नाही. काही तरुण सहकारी याबाबत माझ्याशी वाद घालतात. रात्रपाळीला माणसे कमी असतात, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. तरी मी माझे मत बदललेले नाही.

पटलाने घडवलेले पायस एक दिवस बाळाच्या आहारात सर्रास येईल का? वेग वाढला आणि पटल चोंदण्यावर उपाय निघाला, तर येईलही. ज्या आईला खरोखर दूध येत नाही, तिच्या बाळाला अर्ध्या मायक्रॉनच्या चुऱ्याऐवजी चार मायक्रॉनचा, नीट पांघरलेला थेंब मिळाला, तर मला आनंदच होईल. त्या दिवसाची वाट पाहत असताना आपल्या हातात असलेला थेंब तरी आपण सांडू नये.

यासाठी मी एक पान तयार केले आहे. त्यात सिरिंज कशी धरावी, नळी किती आखूड असावी, शिरेतल्या पायसाची बाटली लावण्यापूर्वी काय पाहावे, एवढेच मराठीत, गुजरातीत आणि हिंदीत चित्रांसह दिले आहे. सिस्टरांना वाचता यावे म्हणून अक्षर मोठे ठेवले आहे. ज्यांच्या रुग्णालयात नवजात विभाग आहे, त्यांनी मंडळाच्या कार्यालयातून त्याच्या प्रती न्याव्यात आणि त्यात काही चुकले असेल, तर पेन्सिलीने दुरुस्त करून परत पाठवाव्यात.